चौकशी एकाच घरची

तुळशीचं लग्न लागलं की टेंभुर्णीत आम्हा जुन्या मास्तरांचे फोन वाजू लागतात. जाफराबाद तालुक्यातलं हे आमचं गाव. इथं तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला निम्म्या घरातली मुलं नावानिशी ठाऊक असतात, म्हणून सोयरीक जुळवणारे आधी त्यालाच गाठतात. दोन वर्षांपूर्वीचा असाच एक फोन अजून मनातून जात नाही. बोलणारा होता मुलाचा मामा.

"सर, तुमच्या शेजारची पोरगी बघायला यावं म्हणतोय. वळण कसंय पोरीचं?"

"हुशार आहे. माझ्याच हाताखाली शिकली."

"ते झालं हो. बारावीनंतर संभाजीनगरला होती म्हणे दोन वर्षं. होस्टेलला का नातेवाइकाकडं? काही कानावर?"

मी विचारलं, मुलगा काय करतो. "चाकणला कंपनीत आहे. सहा वर्षं झाली. तिघं मित्र खोली करून राहतात. पोरगा एकदम निर्व्यसनी."

मुलीच्या दोन वर्षांचा हिशेब हवा होता. मुलाच्या सहा वर्षांना 'निर्व्यसनी' हा एकच शब्द पुरला, आणि त्याचा अर्थ दारू नाही, गुटखा नाही, एवढाच. मी म्हणालो, "मामा, हे मी सांगणं बरोबर नाही. काय विचारायचं ते तिलाच विचारा." फोन ठेवताना आपण नीट वागलो असं मला वाटलं होतं. बघायला कुणी आलंच नाही. माझं न बोलणं हेच त्यांनी उत्तर धरलं, हे मला पुढं चार-सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाकडून कळलं. मुलीच्या वडिलांना ते आजही माहीत नाही.

त्या फोनपासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. माणसाचं लग्नाआधीचं शरीरसंबंधाचं आयुष्य, किंवा पहिल्या लग्नातलं आयुष्य, पुढच्या जोडीदारानं विचारावं का? विचारायचंच तर दोघांनाही विचारावं, की कुणालाच विचारू नये? वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं: दोघांना एकच माप लावा. पण माप एक करायचं म्हणजे स्त्रीचं माप पुरुषाला लावायचं, की पुरुषाचं स्त्रीला? इथं चांगल्या विचारी माणसांच्याही वाटा फुटतात.

आधी विचारणाऱ्यांची बाजू बघू, कारण ते सगळे दुष्ट नसतात. गावात मुलीचं 'नाव निघालं' तर काय होतं हे आईला पक्कं ठाऊक असतं. धाकट्या बहिणीची सोयरीक अडते, भावाला चौकात टोमणे ऐकावे लागतात, बापाची मान भावकीत खाली जाते. मग मुलगी वयात आली की शाळा सुटते आणि लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि आमचा जालना जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे. त्याला गरिबी कारण आहे, ऊसतोडीचं स्थलांतर कारण आहे. पण कारखान्याच्या फडावर जाताना वयातली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीतीही त्यात आहेच. ही भीती खोटी नाही. मुलीला जपणाऱ्या आईला आपण मागासलेली म्हणून मोकळे झालो, तर तिच्या डोळ्यांपुढं जे घडतं त्याकडं पाठ फिरवल्यासारखं होईल.

आणि एकनिष्ठा ही काही टाकाऊ गोष्ट नाही. ज्याच्याबरोबर पन्नास वर्षं काढायची तो शब्दाचा पक्का असावा, असं वाटण्यात काय चूक? फसवणूक झालेली माणसं मी पाहिली आहेत, बायकाही आणि पुरुषही. त्यांचं दुःख कुठल्याही पुरोगामी वाक्यानं हलकं होत नाही.

पण शब्द बघा. वधू-वर मेळाव्याची पुस्तिका उघडा, नाहीतर मोबाइलवरच्या समाजाच्या ग्रुपमध्ये फिरणारे बायोडाटा वाचा. मुलीपुढं सोज्वळ, सुसंस्कृत, घरगुती. मुलापुढं उंची, एकर, पगार आणि निर्व्यसनी. घटस्फोट झाला असेल तर 'निर्दोष घटस्फोटित' लिहितात, जणू बाकीचे सगळे दोषी. त्याहून बोचतो तो 'नाममात्र घटस्फोटित' हा शब्द. लग्न झालं, पण नावापुरतं. म्हणजे शरीराला हात लागलेला नाही, हे छापून सांगायचं. कुठला बाप हे स्वतःच्या लेकीबद्दल आनंदानं लिहीत असेल? तरी लिहावं लागतं. मुलाच्या बायोडाटात हा शब्द आला तर तो लग्न किती दिवस टिकलं एवढंच सांगतो. मुलीच्या बायोडाटात तो तिच्या देहाचा दाखला होतो. बोलीतही तेच. बाई उठवळ होते, चवचाल होते, तिचं पाऊल वाकडं पडतं. पुरुष रंगेल असतो, छंदीफंदी असतो, फार तर बाहेरख्याली. पुरुषासाठीच्या या शब्दांत थोडं कौतुकही मिसळलेलं आहे.

हे सगळं अनादी काळापासून असंच चालत आलं, असंही म्हणता येत नाही. आमच्या भागातल्या शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेला, टाकलेल्या बाईला पाट लावता यायचा. कुणी त्याला म्होतूर म्हणत. फारकत व्हायची, काडीमोड व्हायची, बाई दुसऱ्या घरी नांदायला जायची. त्यातही बरोबरी नव्हती. पाट बहुधा रात्री लागायचा, वाजंत्री नसायची, पाटाच्या बायकोला पहिलीचा मान मिळायचा नाही, आणि पुरुष मात्र पहिली असताना दुसरी थाटात आणायचा. तरीही बाईचं आधीचं आयुष्य म्हणजे कायमचा डाग नव्हता. चार पैसे आले, मुलं शिकली, तशी वरच्या म्हणवणाऱ्यांची रीत आपण प्रतिष्ठा म्हणून उचलली. आजी पाटाची होती हे नातू आता कुणाला सांगत नाही.

या विषयावर मराठीत लिहिलेलं सगळ्यात जळजळीत पुस्तक आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं, याचा मला अभिमान वाटतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 साली सुरत भागातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपलं मूल मारल्याचा खटला झाला. आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी होत गेली. मूल जिच्या पोटी आलं ती पिंजऱ्यात उभी होती; ज्याचं होतं तो पिंजऱ्यात नव्हता. वर्तमानपत्रांतून मात्र बायकांच्या बिघडलेल्या चालीवर लेख येऊ लागले. ताराबाई भडकल्या आणि 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. बाईला जे जे दोष लावता ते पुरुषात किती पटीनं आहेत, हे त्यांनी नावं ठेवणाऱ्यांनाच मोजायला लावलं. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जोतीरावांनी पुढं पुण्यातल्या काशीबाईची हकीगत सरकारला कळवली. तीही विधवा, तिनंही फसवणुकीतून झालेलं मूल मारलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 1863 सालीच त्यांनी अशा बायकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. इथं येऊन गुपचूप बाळंत व्हा, हे त्या घराचं आवाहन. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी चौकशी न करण्याची संस्था उभी केली होती.

पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी र. धों. कर्वे आले. 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, 1953 पर्यंत एकहाती चालवलं, खटले सोसले, दंड भरले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचं म्हणणं असं की सज्ञान माणसं कुणाला न फसवता, कुणाला इजा न करता शरीरसंबंध ठेवत असतील तर तो त्यांचा प्रश्न, आणि ही मोकळीक बाईलाही पुरुषाइतकीच. दुटप्पीपणा दोघांनाही सलत होता, पण बोट वेगळ्या ठिकाणी होतं. ताराबाईंनी बाईसाठी केलेला आरसा पुरुषापुढं धरला. कर्व्यांनी तो आरसाच बाजूला ठेवायला सांगितला. समान बंधन की समान मोकळीक, हा वाद मराठीत असा घरचाच आहे.

कायद्यातही हेच दोन रस्ते दिसतात. भारतीय दंड विधानाचं कलम 497 व्यभिचाराबद्दल होतं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा, तक्रार नवऱ्याची, नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बायकोला शिक्षा नव्हती, म्हणून ते बायकांच्या बाजूचं वाटे. खरं तर त्यात ती नवऱ्याची मालमत्ता होती. 2003 साली मलिमठ समितीनं सुचवलं की बायकोलाही सारखीच शिक्षा ठेवा. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलमच रद्द केलं. 2023 साली संसदेच्या समितीनं पुन्हा दोघांना लागू होईल असं कलम आणा म्हटलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते आलं नाही. समान बंधन मागणारे आणि समान मोकळीक देणारे असे आजही समोरासमोर आहेत.

मला स्वतःला बरीच वर्षं समान बंधन बरं वाटायचं. मुलांना शिकवताना मी तेच सांगत होतो: जे बहिणीकडून मागता ते स्वतःही पाळा. आजही एक शिक्षक म्हणून हे सांगणं मला चुकीचं वाटत नाही. पण स्वतः पाळण्याचा नियम वेगळा आणि दुसऱ्याची तपासणी करण्याचा नियम वेगळा. तपासणी आली की पुरावा आला, आणि पुरावा शोधला जातो तो एकाच शरीरात.

मथुरा हे नाव आज किती जणांना आठवतं? 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. तिला शरीरसंबंधाची सवय होती असं वैद्यकीय तपासणीवरून धरलं गेलं, आणि सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावरच्या जुन्या खुणा मोजल्या गेल्या. वर्दीतल्या त्या दोघांचं आधीचं आयुष्य कुणी मोजलं? 1979 साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. तरीही बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवायची मुभा बचावाला होतीच. साक्षीपुरावा कायद्यातलं ते पोटकलम 2002 च्या दुरुस्तीनं गेलं. दोन बोटांच्या चाचणीला 'गैरवर्तन' म्हणायला सर्वोच्च न्यायालयाला 31 ऑक्टोबर 2022 ही तारीख उजाडावी लागली.

शरीर बघून कौमार्य कळत नाही. योनिपटल खेळताना, काम करतानाही फाटू शकतं; काहींचं संबंधानंतरही तसंच राहतं; पहिल्या रात्री रक्त येतंच असं नाही. 2018 साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी कौमार्य चाचणी जगभर बंद करायला सांगितली. आपल्याकडं सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 2019 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याच्या खुणा हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. तोवर आपले डॉक्टर हे शास्त्र म्हणून शिकत होते. पुरुषाच्या कौमार्याच्या खुणा शिकवणारा धडा मुळातच नव्हता.

कंजारभाट समाजातल्या तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध उभी केलेली चळवळ याच कारणानं मला मोठी वाटते. लग्नाच्या रात्री पांढरी चादर, सकाळी पंचांपुढं नवऱ्याची साक्ष. स्वतःचा इतिहास न सांगता तो दुसरीचा न्यायाधीश होतो. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत विरोध करणाऱ्या मुलांना मार बसला. विवेक तमायचीकर आणि ऐश्वर्या भाट यांनी त्याच वर्षी चाचणीशिवाय लग्न केलं. 2019 च्या फेब्रुवारीत सरकारनं ही चाचणी लैंगिक अत्याचाराचा प्रकार धरू असं जाहीर केलं. पण या एका विमुक्त समाजाकडं बोट दाखवून बाकीच्यांनी सुटका करून घेऊ नये. इंग्रजांनी ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांची चादर वर्तमानपत्रात छापून येते. मामांचा फोन कुठंही छापून येत नाही, आणि काम दोन्हींचं एकच.

आमच्या पट्ट्यात, जाफराबादपासून देऊळगाव राजापर्यंत, भाजीपाला बियाण्यांची शेडनेट उभी आहेत. मिरचीच्या एका नेटमध्ये मागच्या वर्षी मी तासभर बसलो होतो. बायका मादी झाडाची न उमललेली कळी बोटांनी अलगद उघडतात, आतले पुंकेसर काढतात, मग नर झाडावरून आणलेले पराग लावतात आणि खुणेचा दोरा बांधतात. एका कळीला काही सेकंद, दिवसाला शेकडो कळ्या. शुद्धतेवर सगळा पैसा. नमुना तपासणीत बियाणं फेल गेलं तर वर्षाचं कष्ट मातीत. त्यातली एक बाई, वयानं पन्नाशीची, हात न थांबवता म्हणाली, "इथं नराची रांग आधी बघत्यात सर. त्यात एक झाड भेसळीचं निघालं की पुढचं सगळं वाया." माणूस म्हणजे बियाणं नव्हे आणि माणसाच्या बाबतीत शुद्ध-भेसळ हे शब्द मला मुळीच नकोत. पण मनुस्मृतीनं बाईला शेत म्हटलं, पुरुषाला बी म्हटलं आणि पहारा शेतावर बसवला. खरी शेती करणारी बाई पहारा कुठं बसवायचा ते वेगळंच सांगते.

मग जोडीदाराला काहीच विचारायचा हक्क नाही का? आहे, आणि तो मोठा हक्क आहे. 1998 साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका पुरुषाचं प्रकरण आलं. रक्तदानाच्या वेळी त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं, रुग्णालयाकडून ते बाहेर गेलं, ठरलेलं लग्न मोडलं. गुप्तता मोडली म्हणून त्यानं दाद मागितली. न्यायालयानं म्हटलं, होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असेल तर तिला कळायला हवं. गेल्या तीस वर्षांत नवऱ्याकडून लागण झालेल्या, दुसऱ्या कुणाचं तोंडही न पाहिलेल्या बायका या राज्यात किती झाल्या! त्यांच्या बापांनी जावयाचे एकर मोजले होते. म्हणून आजार, आधीचं न मोडलेलं लग्न, आधीचं मूल, सध्या चालू असलेलं प्रकरण हे दोघांनीही सांगितलंच पाहिजे, कारण त्याचा भार समोरच्यावर पडणार असतो. संपलेल्या आयुष्याचा भार समोरच्यावर पडत नाही. ते सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांगितलं तर ऐकावं, खोदू नये.

इथं कायद्यालाही एक गोष्ट विचारावीशी वाटते. लग्नाच्या वेळी बायको दुसऱ्यापासून गरोदर होती आणि नवऱ्याला ते माहीत नव्हतं, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तो लग्न रद्द करून घेऊ शकतो. मूल कुणाचं, वारस कोण, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण लग्नाच्या दिवशी नवऱ्याचं मूल दुसऱ्या बाईच्या पोटात असेल तर बायकोसाठी त्या कलमात ओळ नाही. वारसाचा प्रश्न तिथंही येतोच की.

मोकळीक म्हटली की एक शंका मला सोडत नाही, आणि ती मी लपवणार नाही. मोकळीक कागदावर दोघांना मिळते. पोट एकीचंच वाढतं, मोबाइलमधला फोटो एकीचाच फिरतो. चाकणच्या खोलीवरचा मुलगा गावी परत येतो तेव्हा त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून माझ्या शाळेतल्या मुलींना 'आता सगळं मोकळं आहे' असं मी सांगू शकत नाही, ते खोटं ठरेल. मी त्यांना गर्भनिरोधन सांगतो, कायदा सांगतो, फोटो कुणाला पाठवू नको सांगतो. आणि मुलांना वेगळं बसवून सांगतो की जिच्याबरोबर होतास तिची गोष्ट चौकात सांगणारा मर्द नसतो. पालकांकडून यावर तक्रारी आल्या. मुलींना सांगितलं म्हणून चार-पाच, मुलांना सांगितलं म्हणून एकही नाही.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा फोन आला. दुसरं गाव, दुसरा मामा, विचारणा तीच. गप्प बसण्याची किंमत मला आता ठाऊक होती. मी मुलीबद्दल सांगितलं: गणित पक्कं, आजारी आजीचं सगळं करते, बोलायला स्पष्ट, तुमच्या घरी आली तर घर सावरील. मग विचारलं, "आता तुमच्या पोराचं सांगा. पुण्यात पाच वर्षं आहे म्हणता. वळण कसंय? कुणाला शब्द दिलेला नाही ना? रक्ताची तपासणी दोघांची करू या का?"

तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "हे त्याला कधी विचारलं नाही सर. विचारून सांगतो."